तेहेतिसावं गोपद्म

मी ओकी बेटावर उतरले तेव्हा माझ्या लेकीला आठवा महिना चालू होता आणि तिची पावलं घोट्यापर्यंत चित्रात गेलेली होती.

फोनवर ती काही बोलली नव्हती. मी पिशव्या खाली ठेवल्या, तेव्हा तिनं पांघरूण बाजूला केलं आणि म्हणाली, "आई, पाय चेपायला म्हणून एवढ्या लांब आलीस, आणि पायच नाहीत बघ."

घोटा जिथे संपत होता तिथे मी हात लावून पाहिला. जखम नव्हती. कातडी गुळगुळीत होती, कागदाच्या कडेसारखी गार.

"दुखतं का गं?"

"नाही. पण पायांना वारा लागतो. तिकडे कड्यावर वारा फार आहे."

मी तिच्यासाठी आणलेलं मोज्यांचं पाकीट परत पिशवीत ठेवलं.

जावई मला त्याआधीच, बोटीत भेटले होते. सौमित्र दगडांचे अभ्यासक. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं आहे, त्याच्या लाल कड्याचे थर तपासायला ते इथे आले आणि केतकीला घेऊन राहिले. तीन महिन्यांपूर्वी ते पूर्ण चित्रात गेले. बोटीच्या जिन्याशी बेटाची जाहिरात लावलेली आहे. लाल कडा, खाली निळं पाणी, आणि कठड्याला टेकून उभा एक तरुण. ते सौमित्र. चष्मा तोच, साखरपुड्यात आम्ही घातलेली अंगठीही तीच. मी पदर सावरला. जावयाला रिकाम्या हातानं भेटू नये, म्हणून डब्यातला बेसनाचा लाडू काढून जाहिरातीखाली ठेवला. बोट धक्क्याला लागेपर्यंत तो अर्धा झाला होता.

ओकी ही जपानच्या पश्चिम समुद्रातली लहान बेटं. केतकी म्हणते, टोकियोतल्या माणसालाही ती नकाशावर पटकन दाखवता येत नाहीत. चित्रकारांना मात्र ती सापडत आली आहेत. गावातल्या शाळेत मुलं उरली नाहीत, तेव्हा तिथे चित्रघर केलं. जिथे जिथे हे बेट चित्रात आलं ते सगळं तिथे आणून ठेवतात, आणि ते लावायचं, पुसायचं, जपायचं काम केतकीकडे होतं. लाकडी ठशानं छापलेली जुनी चित्रं, रेशमावरची चित्रं, एका काळ्यापांढऱ्या सिनेमाची रिळं, बोलणाऱ्या बैलाची मुलांची चित्रमालिका, पोस्टाची तिकिटं, मिठाईच्या डब्यांची झाकणं. दोनशे चौदा वेळा बेट चित्रात आलं होतं, आणि दोनशे चौदाही वेळा तोच एक लाल कडा.

केतकीची पावलं सगळ्यांत जुन्या ठशाच्या चित्रात होती. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिली. कड्याकडे जाणारी पायवाट, तिच्या टोकाशी दोन पावलं, वर कुणी नाही. उजव्या पायात जोडव्यांचा एक वेढा सैल होता. तो मीच लग्नात बसवून घेतला होता, म्हणून ओळखला.

"घोट्यापर्यंत म्हणजे काहीच नाही," फुजिए-सान म्हणाल्या. या घरमालकीण. सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, घरामागे त्यांची एक काळी गाय. "आमचे पोस्टमास्तर कमरेपर्यंत आहेत. तरी टपाल वेळेवर येतं."

फुजिए-सान जपानीत बोलायच्या. मला जपानी येत नाही. पण त्या बोलल्या की कळायचं, आणि मी मराठीत बोलले की त्या मान हलवायच्या. त्यांचा डावा कान नव्हता. तो पोस्टाच्या एका तिकिटावर होता.

मी म्हटलं, लेकीला मी घेऊन जाते. बाळंतपण कुरुंदवाडला करीन, आमच्याकडे डॉक्टर आहेत, माणसं आहेत, कृष्णेचं पाणी आहे. धक्क्यावरच्या खिडकीत गेले. आतल्या बाईंनी केतकीचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "पूर्ण आहेत का?"

"पावलं तेवढी नाहीत."

"बोटीत पूर्ण माणसंच घेतो. पावलं परत आली की या. तिकिटात फरक पडणार नाही."

त्या सौजन्यानं बोलत होत्या. मी नमस्कार करून निघाले.

माझं गोपद्मांचं व्रत आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी द्वादशीपर्यंत रोज तेहेतीस गोपद्मं, म्हणजे गाईच्या खुरांचे ठसे, रांगोळीनं काढायचे. दोन पाकळ्या, टोकं पुढे. पाच वर्षं. यंदा पाचवं, उद्यापनाचं. म्हणून यंदा मी मौनही घेतलं होतं. सकाळी अंघोळ झाल्यापासून तेहेतिसावं गोपद्म पुरं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ज्या दारात गोपद्मं असतात त्या दारातलं माणूस कुणी नेत नाही, हे मला आईनं सांगितलं होतं. तिला तिच्या आईनं. मला त्यात कधी शंका आली नाही.

आषाढीच्या सकाळी मी फुजिए-सानच्या उंबऱ्याबाहेर तेहेतीस ठसे काढले. कुरुंदवाडला मी ते तुळशीपुढे काढते, संध्याकाळी हातानं गोळा करते, दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवे. इथे संध्याकाळी गोळा करायला गेले, तर एकही कण सुटेना. रात्री पाऊस पडला. सकाळी ठसे कोरडे होते.

"इथे काढलेलं पुसलं जात नाही," फुजिए-सान म्हणाल्या. "पुढे काढा. जागा आहे."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी पहिल्या तेहेतिसांच्या पुढे तेहेतीस काढले. तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढे. गाईच्या चालीनं एकेक टाकत गेले. ठसे अंगणातून बाहेर पडून वाटेला लागले. ती वाट कड्याकडे जात होती.

तेव्हा माझ्या मनात आलं. वाटेच्या त्या टोकाला माझ्या लेकीची पावलं उभी आहेत. त्यांना घराचा रस्ता दाखवायला कुणी नाही. आपण रोज थोडं थोडं जाऊ, एक दिवस तिथे पोचू, आणि मग पावलं या ठशांवरून चालत घरी येतील. पावलं आली की बोट.

मौन सुटल्यावर मी फुजिए-सानना विचारलं, कडा किती लांब आहे.

"उंबऱ्यापासून टोकापर्यंत गाईची तेराशे वीस पावलं. माझ्या सासूनं मोजली होती."

मी बोटांवर भागाकार केला. चाळीस दिवस. केतकीला डॉक्टरांनी दिलेली तारीख माझ्या व्रताच्या चाळिसाव्या दिवशी पडत होती. मी देवापुढे साखर ठेवली.

सहाव्या दिवशी कुरुंदवाडची रांगोळी संपली. फुजिए-साननी एक लाकडी डबी दिली. शिंपले जाळून, कुटून, वस्त्रगाळ केलेली पांढरी भुकटी. बेटावर येणारे चित्रकार बायकांचे चेहरे रंगवायला तीच वापरायचे. बोटांतून ती फार छान सुटायची, तुपासारखी. त्याच दुपारी केतकीचे गुडघे सिनेमात गेले.

मी चित्रघरात जाऊन ते रीळ लावायला लावलं. काळ्यापांढऱ्या पाण्यात कोळिणी गुडघाभर उतरून शेवाळ गोळा करत होत्या. एका चौकटीत फक्त दोन गुडघे होते, डाव्यावर लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण.

"दिसले का?" घरी आल्यावर केतकीनं विचारलं.

"दिसले."

"जाड दिसतात का गं पडद्यावर?"

"गप बस."

ती हसली. मीही हसले असेन. मग ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, बाळाला तरी इकडे ठेव."

मी तिच्या कपाळावर अंगारा लावला. माझं सगळं ध्यान त्या एका वाक्यावर होतं. दुसरं मी काही मागत नव्हते.

कड्याच्या वाटेवर वारा डोंगरावरून, म्हणजे घराच्या अंगानं यायचा. भुकटी उडू नये म्हणून मी घराकडे पाठ करून, अंगाचा आडोसा करून बसायचे आणि समोर ठसा काढायचे. मग एक पाऊल पुढे सरकायचे. पुन्हा बसायचे. गुडघ्यांना सवय झाली.

अकराव्या दिवशी वीस ठसे झाले होते, तेव्हा फुजिए-सानची काळी गाय कड्याकडून चालत आली. ती घराकडे निघाली होती. माझ्या ताज्या ठशांपाशी थांबली, मान खाली घालून हुंगू लागली. एक खूर उचलला, ठशावर धरला, टेकवला नाही. दुसरा उचलला. तोही तसाच धरून उभी राहिली. इथे ठसे पुसत नाहीत हे विसरून, ओल्या नाकपुडीनं भुकटी विस्कटेल म्हणून माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हाट."

गोपद्मांचं व्रत, त्यात मौन, आणि मी गाईलाच हाट म्हटलं.

गाईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती जागच्या जागी फिरली, कड्याकडे तोंड केलं, आणि माझ्या ठशांत एकेक खूर नीट बसवत, पुढे जिथे ठसे नव्हते तिथेही त्याच चालीनं, निघून गेली. मी उरलेले तेरा ठसे काढले.

घरी आले तर पांघरूण मधोमध सपाट होतं. केतकीची छाती होती, मांड्या होत्या, मधे पोट नव्हतं.

"आत्ताच गेलं," ती म्हणाली. "तू काही केलंस का?"

"बोलले."

तिनं डोळे मिटले. "कुठे गेलं ते बघून ये."

ते मिठाईच्या डब्यावर गेलं होतं. धक्क्यावरच्या दुकानात लाल कडा छापलेले डबे मिळतात, आत तांदळाच्या पिठाची गोड मिठाई. झाकणावर कड्याशेजारी एक हिरवी टेकडी असते. ती टेकडी आता जास्त गोल होती, आणि आतून कुणीतरी कोपर फिरवावं तशी तिच्यावर एक लाट सरकत होती. प्रत्येक डब्यावर. फळीवर साठसत्तर डबे होते. प्रवासी डबा हातात घ्यायचे, जरा थबकायचे, कानाशी न्यायचे, आणि दोन घ्यायचे. अडीचच्या बोटीनं ते डबे जात होते. मी एक विकत घेतला आणि पदराखाली धरून घरी आणला.

तो देवापुढे ठेवला. रोज चारच्या सुमारास तो ताम्हनावर टकटक वाजायचा.

"लाथा मारतंय," केतकी म्हणायची. "माझ्या आधी तुला कळतं आता."

त्या दिवसानंतर मी मौन इतकं कडक पाळलं की शिंकसुद्धा दाबायचे. एका शब्दाला एवढं गेलं होतं. दुसरा शब्द मला परवडणारा नव्हता. केतकीचं जाणं तरी थांबलं नाही, फक्त हळू झालं. डावा हात तिकिटावर गेला, टपालात. छाती मुलांच्या चित्रमालिकेत गेली. तिथे बोलणारा बैल दर रविवारी तिला काहीतरी गमतीचं सांगायचा आणि ती श्वास घ्यायची, तो श्वास इकडे तिच्या नाकातून यायचा. मी तिला भात भरवायचे. ती चावून गिळायची. घास कुठे जातो ते मी विचारलं नाही. चित्रघरातल्या पिवळ्या कागदावर वरणाचा डाग पडला, तेव्हा फुजिए-साननी तो टिपून घेतला आणि मला म्हणाल्या, "हिंग थोडा कमी घाला."

पस्तिसाव्या दिवशी त्या माझ्याबरोबर वाटेवर आल्या. मी ठसे काढून उठले, तेव्हा त्या पाठीमागे वळून सगळी रांग पाहत उभ्या होत्या.

"तुमच्याकडे गाय घरातून बाहेर जाते का?" त्यांनी विचारलं.

"सकाळी जाते. संध्याकाळी येते."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे ही सकाळची."

मला वाटलं त्या गोठ्याबद्दल बोलत आहेत. मी म्हटलं, तुमच्या गाईला त्या दिवशी हाट म्हटलं, माफ करा. त्या म्हणाल्या, ती गाय नंतर घरी आलीच नाही, तुम्हाला माहीत नव्हतं का, ती आता सगळ्यांत जुन्या चित्रात आहे, पावलांशेजारी बसलेली. चांगली दिसते.

एकोणचाळिसाव्या दिवशी केतकीचं डोकं आणि उजवा हात एवढंच उरलं होतं. मी उशीशी बसून तिची वेणी घातली. वेणीला खाली पाठ नव्हती, म्हणून ती गादीवर आडवी ठेवली.

"उद्या ना?" ती म्हणाली.

"उद्या. तेहेतीस राहिलीत. मग पावलं येतील, मागोमाग सगळंच येईल. परवाच्या बोटीनं जाऊ."

"सौमित्र?"

"बोटीतच तर आहेत ते. सोबत होईल."

तिनं उजव्या हातानं माझं मनगट धरलं. हात गरम होता. "आई, मी चालले की तू हाक मारशील ना? मला वाट कळणार नाही. तुझा आवाज आला की मी त्या बाजूला येईन."

"मारीन," मी म्हटलं.

चाळिसाव्या दिवशी मी पहाटे अंघोळ केली. मौन सुरू झालं. तिच्या उशीशी डबा ठेवला, त्यावर तुळशीचं पान. ती जागी होती. मी दाराकडे बोट दाखवलं, मग माझ्या ओठांकडे. तिनं मान हलवली.

ऊन स्वच्छ होतं. कड्यावर मी प्रथमच पोचत होते. दोनशे चौदा चित्रांतून पाहिला होता, म्हणून नवीन काही नव्हतं. जुन्या चित्रातली पायवाट होती, पण पावलं नव्हती. ती तिकडे होती. खाली पाणी होतं, फार खाली. वारा नेहमीसारखा पाठीमागून होता. मी घराकडे पाठ करून बसले आणि काढू लागले.

बत्तीस झाली. मी चिमूट भरली आणि पुढे सरकायला गेले, तर पुढे जमीन नव्हती. फुजिए-सानच्या सासूनं मोजलं त्यानंतर कडा एक पाऊल ढासळला असावा. तेहेतिसावं हवेत पडणार होतं. त्याचं मला भय वाटलं नाही. इथे काढलेलं पुसलं जात नाही, पडतही नसावं. मी हात टोकाच्या बाहेर धरला. मग चिमूट सोडण्याआधी एकदा मागे पाहावं म्हणून मान वळवली.

केतकी येत होती.

घराच्या उंबऱ्यातून डोकं आणि हात निघाले असतील. मी पाहिलं तेव्हा तिला खांदे आले होते. ती प्रत्येक ठशावर नेमकी येत होती, आणि प्रत्येक ठशागणिक तिला काहीतरी परत मिळत होतं. डावा हात आला. छाती आली, पदर आला. वळणापाशी पोट आलं, पूर्ण नऊ महिन्यांचं, आणि तिनं दोन्ही हात त्याच्याखाली धरले. गुडघे आले. शेवटच्या चढावर पावलं आली, आणि जोडव्यांचा सैल वेढा दगडावर वाजलेला मला ऐकू आला. इतक्या दिवसांनी माझी लेक मला पुरती दिसत होती. तिचे केस वाऱ्यानं पुढे आले होते. ती हसत होती.

तेव्हा मी ठशांकडे पाहिलं. चाळीस दिवस मी ते फक्त वरून, एकेक करून पाहिले होते. आता उंबऱ्यापासून माझ्या गुडघ्यांपर्यंत सगळी रांग एकदम दिसली. तेराशे एकोणीस ठसे, दोन दोन पाकळ्यांचे, टोकं पुढे. सगळी टोकं कड्याकडे होती. एकही घराकडे नव्हतं.

आईनं मला ठसे काढायला शिकवलं. ते कुठे तोंड करून असावेत हे तिनं सांगितलं नव्हतं. तुळशीपुढे तो प्रश्नच येत नाही.

केतकी पंधरा ठशांवर आली. दहा. ती ठशांकडे पाहत नव्हती, पाऊल आपोआप त्यात बसत होतं. ती मान तिरकी करून चालत होती, कानोसा घेत. माझी हाक कुठून येते ते ऐकत होती.

मी तोंड उघडलं. व्रत पुरं नव्हतं. एका शब्दाला पोट गेलं होतं. आता ते तिच्या दोन्ही हातांवर होतं, आणि आतून कोपर फिरल्यासारखी पदरावर एक लाट सरकत होती. शब्द काढायचा तर तेहेतिसावं पुरं व्हायला हवं होतं. तेहेतिसावं पुरं केलं की रस्ता टोकाच्या पलीकडे जात होता. मी तोंड मिटलं. हात तसाच बाहेर होता. चिमटीतली भुकटी घामानं ओली होत होती, आणि बोटांच्या मधून तिचा पहिला कण सुटून खाली न जाता तिथेच थांबला.

केतकी माझ्या शेजारी आली. तिच्या पदराचा काठ माझ्या खांद्याला लागला. बत्तिसाव्या ठशात तिचं डावं पाऊल होतं. तिनं उजवं उचललं, आणि ते कुठे ठेवायचं म्हणून माझ्या बोटांकडे पाहिलं.